‘अटक नाही, नुसती चौकशी’ : कोल्हापुरातल्या एका पारधी वस्तीवरचे प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, पोलीस ठाणे आणि कारखाना यांची नावे गाळली आहेत, काही बारीक तपशील बदलले आहेत. मी या प्रकरणात विधी स्वयंसेवक म्हणून होतो. त्यामुळे जिथे चूक झाली, तिथे ती बहुतेक वेळा आमची आहे.)

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, गायरानाला लागून सात-आठ पत्र्याची घरे आहेत. बहुतेक फासेपारधी, एक घर राज पारधी. या कुटुंबातली माणसे ऊसतोडीच्या निमित्ताने सोलापूरकडून आली आणि इथेच राहिली, त्याला चौदा वर्षे झाली. वडील वारले आहेत. थोरला भाऊ सत्तावीस वर्षांचा, शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ठेकेदाराकडे फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायचे काम करतो. धाकटा एकोणीस वर्षांचा. तो आईबरोबर जत्रा-उत्सवात फुगे, पिना, मण्यांच्या माळा विकतो. जोतिबाची चैत्र यात्रा आणि अंबाबाईचे नवरात्र हे त्यांचे वर्षातले दोन मोठे हंगाम.

इंग्रजांनी १८७१ च्या आणि त्यापुढच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांत पारधीही होते. जन्माला आले की यादीत नाव, ठरल्या वेळी ठाण्यात हजेरी, गाव सोडायचे तर पास. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये काही जातींवरची हजेरी बंद केली. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. त्याच्या पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. जातीचे नाव कागदावरून गेले, पण कुठे गळ्यातले ओढले गेले की जीप आधी कोणत्या वस्तीकडे वळवायची, ही सवय तशीच राहिली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पोलिसांनी ती पुढे प्रत्येक वेळी काढली. या कुटुंबातल्या एका लांबच्या मामाला दुसऱ्या जिल्ह्यात चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे. दोघा भावांवर एकही गुन्हा नाही.

काय घडले

२०२५ च्या नवरात्रात एका संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाद्वार रोडवर एका बाईंचे मंगळसूत्र हिसकावले गेले. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात पिवळ्या टी-शर्टमधला एक मुलगा पळताना दिसला, चेहरा अस्पष्ट. धाकटा त्या संध्याकाळी तिथून शे-दीडशे पावलांवर फुगे विकत होता. थोरला दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत फाउंड्रीत होता आणि तशी बोटाची हजेरी मशीनवर होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दोन जीप वस्तीवर आल्या. साध्या वेशातले चौघे, म्हणजे ठाण्याचे गुन्हे शोधणारे ‘डीबी’ पथक. घरातले सामान बाहेर फेकले, मोबाइल काढून घेतले. पंचनामा नाही, चित्रीकरण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, त्याच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. दोघा भावांना आणि शेजारच्या राज पारधी घरातल्या तरुणाला गाडीत घातले. थोरल्याने कारण विचारले, तेव्हा अंगणात, बायकापोरांसमोर उत्तर मिळाले, “तुमची जातच चोराची, तुला कारण काय सांगायचं?”

दहा वाजता आईला निरोप आला, ठाण्यात येऊन बस. ती संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होती. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली, तरी कलम १७९ प्रमाणे बाईला तिच्या घराबाहेर कुठेही यायला भाग पाडता येत नाही. हे त्या दिवशी आम्हालाही वेळेवर आठवले नाही.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर प्रकरण भावनेत वाहून जाते. धाकटा घटनास्थळाजवळ होता. त्याला काही विचारावे असे पोलिसांना वाटणे गैर नव्हते. पण हिसकावून चोरी करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात आधी सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक करायचीच असेल तर तिची गरज लिहून ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच हे बजावले आहे. थोरला आणि शेजारचा तरुण यांच्याबाबत तर एवढाही धागा नव्हता. एकाचा गुन्हा भाऊ असण्याचा, दुसऱ्याचा शेजारी असण्याचा.

पहिले चोवीस तास

या प्रकरणात पुढे जे काही हाती लागले, ते बारावीत शिकणाऱ्या एका चुलत बहिणीमुळे. तिने पाण्याच्या पिंपाआडून चाळीस सेकंदांचे चित्रीकरण केले. त्यात एका जीपचा नंबर आणि तिघांना गाडीत घालताना दिसते. मग तिने ११२ ला फोन लावला. फोन उचलणाऱ्याला ती नीट काही सांगू शकली नाही, पण फोनची वेळ नोंदली गेली. त्यानंतर तिने मला फोन केला.

साडेनऊला वकीलताई आणि मी ठाण्यात पोचलो. ठाणे अंमलदार शांतपणे म्हणाले, “अटक नाही ओ, नुसती चौकशी. संध्याकाळी सोडतो.”

हे वाक्य वरवर दिलासा देणारे आहे, म्हणूनच घातक. अटक म्हटली की कारणे सांगणे (कलम ४७), नातेवाइकांना कळवणे (कलम ४८), वकिलाला भेटू देणे (कलम ३८), वैद्यकीय तपासणी (कलम ५३) आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे (कलम ५८) हे सगळे मागे लागते. ‘चौकशी’ म्हटले की कागदावर माणूस ठाण्यात नसतोच. वकीलताईंचा मुद्दा सरळ होता. त्याला उठून बाहेर जाता येते का? येत नसेल तर ती अटकच, आणि घड्याळ पहाटे पाच-दहाला सुरू झाले.

ठाण्याच्या आवारात उभ्या उभ्या आम्ही चार वाटा तपासल्या. संध्याकाळपर्यंत थांबणे. ठाण्यात लेखी अर्ज देणे. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी याचिका. किंवा कलम १०० खाली प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, की अमुक माणसाला बेकायदा डांबले आहे, झडती वॉरंट काढून त्याला समोर आणा.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे, त्यामुळे हेबियस कॉर्पससाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. वस्तीवरच्या एका पोराने तेच सुचवले, “मोठ्या कोर्टात जाऊया की.” पण याचिका तयार होऊन सुनावणीला येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता. तोवर पोरे सुटली असती किंवा अटक दाखवून मोकळे झाले असते. कलम १०० चा अर्ज कमी वापरला जातो, पण त्याला दोन पाने पुरतात आणि कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात त्याच दिवशी देता येतो.

आधी ठाण्यात अर्ज दिला. तिघे कोणत्या गुन्ह्यात, कोणाच्या ताब्यात, किती वाजल्यापासून, हे लेखी द्या. पोहोच द्यायला नकार मिळाला. तोच अर्ज वकीलताईंनी मोबाइलवरून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला ईमेल केला, वेळ अकरा वाजून बावीस मिनिटे. पोहोच नाकारली तर वाद घालत बसण्यापेक्षा हे बरे. तीन वाजता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. न्यायालयाने ठाण्याचे म्हणणे मागवले. ते पत्र ठाण्यात पोचले आणि पावणेसातला तिघांना सोडले. सोडताना एका रजिस्टरवर सह्या घेतल्या, वाचू दिले नाही. धाकट्याच्या हातात कलम ३५(३) ची नोटीस ठेवली. पहाटे जे करायला हवे होते, ते साडेतेरा तासांनी झाले.

आणि इथे आमच्या दोन चुका झाल्या.

पोरे सुटली या आनंदात आम्ही दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांना तेवढेच सांगितले. अर्ज निकाली निघाला. त्याच वेळी तिघांना न्यायालयासमोर उभे करून ‘ताब्यात किती वेळ होतो, काय झाले’ हे नोंदवून घ्यायची विनंती करता आली असती. ती संधी परत आली नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडली. थोरल्याच्या तळव्यांवर पट्ट्याने मारले होते. तो लंगडत घरी आला, आईने हळद लावली, झोपला. सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. मारहाण पोलिसांनी केली असे रुग्ण सांगतो, हे कागदावर यावे म्हणून तासभर हुज्जत घालावी लागली. तळव्याची सूज तोवर उतरली होती. अहवालात ‘साधी दुखापत’ एवढेच आले.

पुढचे पर्याय

दोन दिवसांनी वस्तीवर बैठक झाली. त्या आधीच एक पत्र मात्र गेले होते. ठाण्याच्या सीसीटीव्हीचे त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, काही अडचण असेल तर किमान एक वर्ष ठेवण्याचा आदेश दिला आहे. प्रत्यक्षात कॅमेरा बंद होता किंवा डिस्क भरली, हे उत्तर कधीही येऊ शकते, म्हणून तारीख घालून आधीच मागून ठेवायचे. माहिती अधिकारात आम्ही तेच मागितले, तर तपासात अडथळा येईल या कारणाने नाकारले गेले. त्या कायद्यात जीवित आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत देण्याची तरतूद आहे. तो अर्ज खरे तर मुले आत असतानाच टाकायला हवा होता.

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो गुन्हा दाखल करण्यावर. कबुलीसाठी मारणे (न्याय संहिता, कलम १२०), बेकायदा डांबणे (कलम १२७), आणि त्याला अॅट्रॉसिटी कायद्याची जोड. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला तरच कलम ३(१)(आर) आणि (एस) लागते. ठाण्यातल्या बंद खोलीतली शिवी त्यात टिकवणे अवघड. हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आतला अपमान त्यातून वगळला आहे. पण अंगणातले ते वाक्य बायकापोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर बोलले गेले होते. म्हणून आम्ही साक्षीदारांना ठाण्यातल्या शिव्यांबद्दल कमी आणि अंगणाबद्दल जास्त विचारले.

अडचणी तीन निघाल्या. चौघांपैकी एक शिपाई स्वतः अनुसूचित जातीचा होता. हा कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या बाहेरच्या आरोपीलाच लागतो. दुसरी दाखल्याची. थोरल्याकडे जमातीचा दाखला होता, धाकट्याकडे नाही, कारण त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. पालात जन्मलेल्या आजोबाचा कसला पुरावा? थोरल्याला तो कुठूनतरी मिळाला होता. सख्ख्या भावाचा दाखला असल्याने हे अडून राहिले नसते. तिसरी अडचण मात्र मला अजून खुपते. शेजारचा राज पारधी तरुण त्याच जीपमध्ये होता, तेच वाक्य त्यानेही ऐकले. पण राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत आहेत, अनुसूचित जमातीच्या नाहीत. त्याला अॅट्रॉसिटी कायदा लागूच नाही. पहाटे पाचला डीबीच्या माणसांनी हा फरक केला नव्हता.

ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर अधीक्षकांकडे आणि मग दंडाधिकाऱ्याकडे, ही कलम १७३(४) ची पायरी आहे. नव्या संहितेत आणखी एक आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल, तर कलम १७५(४) प्रमाणे दंडाधिकारी आधी वरिष्ठाचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे पाहतो. म्हणजे वेळ. त्यापुढे खटल्यासाठी शासनाच्या मंजुरीचा वाद.

इतर वाटाही होत्या. पुणे विभागाचे पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, कोल्हापूर त्याच्याच कक्षेत येते. प्रकाश सिंग प्रकरणातल्या २००६ च्या निकालानंतर राज्याच्या पोलीस कायद्यात २०१४ मध्ये ही व्यवस्था आली. कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा तिथे तक्रारीचा स्वतंत्र विषय आहे, हाडे मोडल्याचे दाखवावे लागत नाही. आमच्या ‘साध्या दुखापती’ला हे सोयीचे होते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षात जाता येते. सर्किट बेंचपुढे रिट करून भरपाई मागता येते आणि संशयितांच्या यादीतून नाव काढून मागता येते. शेवटच्या मागणीला ताजा आधार आहे. सुकन्या शांता प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना निर्देश दिले, आणि त्याच वर्षीच्या अमानतुल्ला खान निकालातली सूत्रे पाळायला सांगितले. केवळ मागास समाजातला म्हणून कोणाचे नाव पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’मध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या माणसांच्या नोंदीत, चढू नये, हे त्या निकालात आहे.

निर्णय

आम्ही कार्यकर्ते मंडळी गुन्हा दाखल करण्याच्या बाजूची. पण बोलली आई. “साहेबाला शिक्षा व्हायची तेव्हा होईल. उद्या दिवाळीला पाकीट मारलं कुणी, तर जीप परत इथंच येणार. पोरांची नावं काढा आधी.” थोरल्याला तर वेगळीच घाई होती. ठेकेदाराने त्याला ‘पोलिसांचं मिटू दे, मग ये’ म्हणून घरी बसवले होते.

म्हणून क्रम उलटा लावला. आधी काम, मग नाव, मग माणसे. गुन्हा नोंदवण्याचा अर्ज तयार करून ठेवला, दिला नाही. अधीक्षकांकडे तक्रार आणि यादीत नाव आहे का याची लेखी विचारणा, पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे शपथपत्रासह तक्रार. ठेकेदाराला वकिलाचे पत्र, सोबत त्याच्याच मशीनवरच्या हजेरीचा उतारा. धाकटा नोटिशीप्रमाणे तीनदा ठाण्यात गेला, प्रत्येक वेळी वकीलताईंबरोबर, येण्या-जाण्याची वेळ लिहूनच. नोटीस पाळली नाही की अटकेला कारण मिळते, म्हणून यात हयगय केली नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळाला. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, बाईला आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो.

हा क्रम बरोबर होता का, यावर वकीलताई आणि मी अजून भांडतो. त्यांच्या मते गुन्हा लगेच नोंदवला असता तर साक्षीदार ताजे होते आणि चौकशी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेली असती. माझ्या मते वस्तीला रोज त्याच ठाण्याच्या हद्दीत जगायचे आहे.

काय निष्पन्न झाले

तक्रारीवर विभागीय चौकशी झाली. ठाण्याने आपले म्हणणे दिले, त्यात त्या रजिस्टरचा उलगडा झाला. स्टेशन डायरीत नोंद होती, ‘सकाळी ११.३० वाजता तिघे चौकशीकामी स्वतःहून हजर’. आमचा ईमेल अकरा बावीसचा, ११२ चा फोन पहाटेचा, आणि चित्रीकरणात जीपचा नंबर. ‘स्वतःहून हजर’ हे दोन शब्द तिथेच पडले. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण मात्र तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही, असे उत्तर आले.

एका फौजदाराला आणि एका शिपायाला लेखी समज मिळाली. दोघा भावांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, असे पत्र मिळाले. शेजारच्या तरुणाने विचारणाच केली नव्हती, त्यामुळे त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. ही चूक आमचीच. मंगळसूत्राच्या गुन्ह्यात पुढे दुसऱ्याच कोणालातरी पकडल्याची बातमी कुटुंबाने पेपरात वाचली. ठाण्यातून कोणी कळवले नाही.

थोरल्याला जुन्या ठेकेदाराने घेतले नाही. पाच आठवड्यांनी दुसऱ्या फाउंड्रीत काम लागले, रोज साठ रुपये कमी. प्राधिकरणाकडची तक्रार चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

दवाखाना त्याच रात्री गाठायला हवा होता. घरी जाण्याआधी, हळद लावण्याआधी. जखमांचे फोटो तारखेसह काढायला हवे होते. दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज सुटकेनंतरही लावून धरायला हवा होता. आईला बाकावरून उठवून घरी पाठवायला हवे होते. ते आमच्या डोळ्यांसमोर चालले होते. आणि तिघांची तक्रार एकाच कागदावर न घालता प्रत्येकाची वेगळी करायला हवी होती, कारण तिघांचे कायदेशीर हक्क वेगळे होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहिर शाह प्रकरणात सांगितले की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. चांगला निकाल आहे. वस्तीवर मी तो वाचून दाखवला. चुलत बहिणीने विचारले, “पण ते अटक म्हणतच नाहीत, मग?” त्यावर आता आम्ही एवढेच ठरवले आहे की कोणालाही नेले तर पहिल्या तासात फोन, चित्रीकरण आणि ईमेल. ईमेलचा मसुदा तिच्या मोबाइलमध्ये तयार आहे, नाव आणि वेळ तेवढी भरायची.

मानवी हक्क आयोगाकडचा अर्जही लिहून झाला आहे. वर्षाची मुदत २०२६ च्या नवरात्राआधीच संपते. धाकट्याने सही केली. थोरल्याने कागद दोनदा वाचून घेतला, घडी घालून पत्र्याच्या फटीत ठेवला. तो अजून तिथेच आहे.